जीव विकत घ्यावा काय?

वारीच्या वाटेवर प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात. नामस्मरणात मन का लागत नाही, घरात माळ एकट्यानेच घातली तर जेवणाचे कसे करावे, मुले ऐकत नाहीत तर काय करावे, असे ते प्रश्न असतात. आणि त्यांची उत्तरेही थोरामोठ्यांनी देऊन ठेवलेली आहेत. परंतु एका आषाढीच्या वारीत तरडगावच्या मुक्कामी आम्हांस जो प्रश्न विचारला गेला, तो आमच्या इतक्या वर्षांच्या चालण्यात कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर आम्ही त्या रात्री घाईने दिले, आणि ते अपुरे पडले. म्हणून हा लेख.

त्या रात्री पाऊस होता. राहुटीत ताडपत्रीखालून पाणी शिरले होते आणि पाण्याच्या मागोमाग एक दिवड आत आली. झाले! "साप, साप" म्हणून एकच ओरडा. कोणी काठी मागू लागला, कोणी कंदील. तेवढ्यात आमच्या दिंडीतले एक वृद्ध माळकरी पुढे झाले. म्हणाले, "थांबा रे बाबांनो, दिवड हाय ती. इखारी न्हाई. वाट द्या, जाईल." त्यांनी राहुटीची कड वर धरली, सगळ्यांना मागे सारले, आणि ती दिवड सरसर करीत शेजारच्या उसात निघून गेली. मग कोणी हसले, कोणी पांडुरंगाचे नाव घेतले, आणि पुन्हा घोंगड्या पसरल्या गेल्या.

ते गृहस्थ मात्र झोपेनात. आमच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "माउली, एक विचारायचं हुतं. माझा पोरगा अमेरिकेत, टेक्सस म्हणून राज्य हाय, तिथं नोकरीला हाय. नातू दहा वर्साचा. त्यानं हट्ट धरलाय, मला साप पाळायचा. दुकानात एकाच जातीचे दोन हाएत. एक आफ्रिकेतनं धरून आणलेला, त्यो स्वस्त. दुसरा तिथंच पेटीत जन्मलेला, त्यो महाग. पोरगा फोनवर इचारतोय, आबा, कोणता घेऊ? मी काय सांगू?"

आम्ही लगेच म्हणालो, "दोन्ही नकोत. जीव कोंडणे पाप आहे, असे सांगा."

म्हातारबुवा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्ये मला बी कळतं, माउली. पर जो पेटीतच जन्मला, त्यानं जायचं कुठं?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे सगळे मुक्काम तो प्रश्न आमच्याबरोबर चालत होता. घरी परतल्यावर आम्ही जाणत्यांकडे चौकशी केली, वाचले, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या सापाविषयी. त्याला तिकडे बॉल पायथन म्हणतात. हा अजगराच्या कुळातला, पण लहान. तीन ते पाच फूट लांब. बिनविषारी आहे आणि स्वभावाने इतका भित्रा, की घाबरला म्हणजे अंगाचा चेंडू करून आपले डोके त्या वेटोळ्यात लपवतो. त्यावरूनच त्याचे नाव पडले. त्याचे मूळ घर पश्चिम व मध्य आफ्रिकेत. बेनिन, टोगो आणि घाना या देशांतून तो परदेशी पाठविला जातो, आणि १९७५ पासून असे तीस लाखांहून अधिक साप जिवंत निर्यात झाले आहेत.

त्याच बेनिन देशात उईदा नावाचे गाव आहे. तेथे या सापांचे देऊळ आहे. तेथील लोक त्याला पूज्य मानतात. देवळातला साप रात्री बाहेर पडून कोणाच्या घरात शिरला तर त्याला पाहुण्यासारखे वागवून पुन्हा देवळात आणून सोडतात. आणि त्याच देशात लोक बिळे खणून पोटुशा माद्या आणि अंडी काढतात व व्यापाऱ्यांना विकतात. एकच भूमी, एकच साप. एकीकडे पूजा आणि दुसरीकडे बाजार. वाचकहो, हे वाचून आम्हांस त्या लोकांना नावे ठेवावीशी वाटली नाहीत. आपल्याकडे नागपंचमी कशी होत असे, ते आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याविषयी पुढे सांगू.

रानातून धरलेल्या सापाची दशा काय होते? बिळातून ओढून काढलेला जीव पिशवीत भरतात, पिशव्या खोक्यात, खोकी विमानात. अंगावर गोचिड्या, पोटात जंत. नव्या जागी गेल्यावर पुष्कळदा तो खाणेच सोडतो. ही सापाची जात उपवासाला चिवट, महिनोन् महिने न खाता राहील. पण तो उपवास व्रताचा नव्हे, भयाचा. काही साप त्यातून सावरतात, काही झिजून मरतात. तेव्हा स्वस्त साप स्वस्त का, हे ध्यानात येते. त्याला वाढविण्याचा खर्च कोणी केलेला नाही. तो रानाने केला, आणि रानाला त्याचे मोल कोणी दिले नाही.

या दोहोंच्या मधला आणखी एक प्रकार आहे, तोही सांगितला पाहिजे. रानातून पोटुशी मादी किंवा अंडी आणायची, ती शेडमध्ये उबवायची, आणि निघालेली पिल्ले विकायची. पिल्लू जन्मले माणसाच्या छपराखाली हे खरे, पण त्याची आई रानातली. दुकानातला माणूस "हा रानातून धरलेला नाही" असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसेलही, पण सगळे खरे सांगतो असेही नाही. म्हणून घेणाऱ्याने "याचे आईबाप कोठे आहेत?" असे विचारावे. ज्याने खरोखर घरी पैदास केली तो आईबाप दाखवील, पिल्लू कधी अंड्यातून निघाले, काय खाते, किती वेळा कात टाकली, याची वही दाखवील. जो दाखवीत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

आता पेटीत जन्मलेल्या सापाची बाजू घेऊ. ती लटकी नाही. तो माणसाच्या वासाला सरावलेला असतो, मेलेला उंदीर खातो, रोगराई कमी असते, आणि त्याच्यासाठी रानातले एकही बीळ उजाड झालेले नसते. दोहोंतून एक निवडायचाच, तर तो हाच निवडावा, यात आम्हांस शंका नाही. पण म्हणून तो व्यवहार निर्दोष झाला काय? पैदास करणारे लोक रंगांच्या मागे लागतात. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला एक प्रकार आहे, त्याला स्पायडर म्हणतात. त्या नक्षीबरोबरच एक व्याधी पिढीजात येते. त्या सापाचे डोके डगमगते, कधी मान उलटी वळते. तरीसुद्धा नक्षी सुंदर म्हणून लोक ती संतती वाढवितात. रानातून धरणारा निदान धडधाकट जीव तरी पकडतो. हा तर डोळ्यांच्या हौसेसाठी आजारी जीव जन्मास घालतो. सांगायचे असे, की जन्म कोठे झाला एवढ्यावरून पापपुण्य ठरत नाही.

मग कशावरून ठरते? येथे आम्हांस आमची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही लहान असताना नागपंचमीला गारुडी आमच्या आळीत येई. त्याने टोपली उघडली की आम्ही पोरे वाटीभर दूध घेऊन धावत असू. एका वर्षी नाग वाटीत तोंड घालून खरोखर दूध प्यायला. आमच्या आईने हात जोडले, आम्हांस तर आभाळ ठेंगणे झाले. दोन दिवसांनी ओढ्याच्या काठी तोच नाग मेलेला पडला होता. आम्ही समजलो, त्याचे आयुष्य सरले. पुष्कळ वर्षांनी एका जाणत्या माणसाने खरे काय ते सांगितले. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस पाणी देत नाहीत, दात उपटतात. तहानेने व्याकुळ झालेला जीव समोर येईल ते ओले पितो. आम्ही देवाला नैवेद्य दाखवीत होतो, आणि तो जीव पाण्यासाठी तडफडत होता.

आमच्या मनात त्या नागाविषयी प्रेम नव्हते काय? होते, उदंड होते. पण त्या प्रेमाने एकदाही विचारले नाही, की बाबा, तुला काय हवे? आम्हांस दूध प्रिय म्हणून त्यालाही दूध. नाथांची गोष्ट आपण सारे जाणतो. तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात त्यांनी कावडीतले पाणी ओतले. त्यांनी गाढवाला गंध लावले नाही, हार घातला नाही. त्याला जे हवे होते ते दिले. आणि ते गाढव नेऊन दारात बांधल्याचेही कथेत कोठे नाही.

आमच्या मते कसोटी ही आहे. सापाला काय हवे ते आधी पाहावे आणि ते आपल्याला देता येईल काय, हे मग पाहावे. तर ऐका त्याला काय हवे असते.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ती तो बाहेरून घेतो. कधी उन्हात सरकतो, कधी सावलीत. म्हणून या सापाच्या पेटीची एक बाजू ३१-३२ अंश उबदार आणि दुसरी २५-२६ अंश थंड ठेवावी लागते, आणि दोन्हीकडे लपायला एकेक बीळ द्यावे लागते; एकच दिले तर बिचाऱ्याला ऊब आणि आसरा यांतून एक निवडावे लागेल. ऊब देणाऱ्या यंत्राला थर्मोस्टॅट नसेल तर साप त्यावर पडून भाजतो, तरी हलत नाही. हवेत ओलावा हवा. तो कमी पडला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरची जुनी झापड तशीच चिकटून राहते. ताजे पाणी रोज. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवायचे, कारण सापाच्या अंगावर आतड्याचा रोग करणारे जंतू असू शकतात. आणि हे किती दिवस? वीस ते तीस वर्षे! अमेरिकेतच सेंट लुइस येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एका खाजगी मालकाने आपली मादी आणून दिली होती. त्या मादीने २०२० साली, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. तिचा मालक केव्हाच बाजूला झाला होता, आणि ती मागे राहून जगत होती. दहा वर्षांच्या पोराचा हट्ट पाच-सहा वर्षांत विरतो. त्याच्या मागे पंचवीस वर्षे पेटी पुसणारा कोण, ते आधी ठरले पाहिजे.

आणि माळकऱ्याच्या घरात सर्वांत अवघड प्रश्न अन्नाचा. सापाला उंदीर लागतो. त्याला भाकर चालत नाही, आणि त्याला शाकाहारी करू पाहणे हा त्याच्यावर जुलूमच होईल. मोठ्या सापाला दहा-पंधरा दिवसांनी एक उंदीर धरला, तरी वीस वर्षांत पाचशे ते सातशे उंदीर होतात. जिवंत उंदीर पेटीत सोडला तर तो सापालाच चावून जखमी करतो, म्हणून मारून गोठवलेले उंदीर विकत आणतात, आणि ते घरच्या बर्फपेटीत राहतात. रानात साप उंदीर खातो तो त्याचा धर्म. त्याचा दोष सापाला नाही, कोणालाच नाही. पण घरी आणलेल्या सापासाठी जे सातशे जीव जातात, त्यांचा हिशेब आपल्या नावावर लिहिला जातो. गळ्यात तुळशीची माळ घालून आपण स्वतः मांस खात नाही, आणि करमणुकीसाठी सातशे जीव मारविले, तर माळेचा अर्थ काय राहिला? हे त्या मुलाने आपल्या आबांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. लपवाछपवीने होणारे काम नव्हे.

कोणी म्हणेल, साप धरणे म्हणजे सर्वथा पापच की काय? तसे आम्ही म्हणत नाही. तमिळनाडूत इरुळा नावाचे लोक आहेत. साप धरण्यात पिढ्यान् पिढ्या निष्णात. १९७८ मध्ये त्यांनी चेन्नईजवळ आपली सहकारी संस्था काढली. ते वनखात्याच्या परवानगीने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे धरतात, मातीच्या मडक्यांत काही आठवडे ठेवतात, आठवड्याच्या अंतराने विष काढून घेतात आणि पुन्हा रानात सोडून देतात. तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये म्हणून पोटावर खूणही करतात. त्या विषापासून सर्पदंशावरचे औषध होते, आणि रात्री शेतात पाणी धरणाऱ्या आपल्याच शेतकऱ्याचा जीव वाचतो. येथे गरज खरी आहे, घेण्याला मर्यादा आहे, आणि घेतलेले परत देणे आहे. दुकानातल्या पेटीत या तिन्हींपैकी काय आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

"नको झाला तर सोडून देऊ" असेही पुष्कळ लोक म्हणतात. ही दया नव्हे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात एव्हरग्लेड्स नावाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. हौसेने आणलेले बर्मी अजगर तेथे सुटले, आणि ते वाढून बसले आहेत हे २००० सालापर्यंत अभ्यासकांच्या ध्यानात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तेथे रात्री रस्त्यांवर दिसणारे रकून नावाचे मांजराएवढे प्राणी ९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच वर्षी त्या अजगरांच्या आयातीवर बंदी आली, पण गेलेले प्राणी परत आले नाहीत. आणि बॉल पायथन टेक्ससच्या थंडीत सोडला तर तो दुसऱ्या कोणाला मारण्याआधी स्वतःच मरेल. तरडगावला म्हातारबुवांनी दिवड सोडली, ती तिच्या स्वतःच्या रानात. जो जीव जेथला नाही तेथे त्याला सोडणे म्हणजे टाकणे.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या नातवाला येथे हा हट्ट सुचला, तर त्याचे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशातला रानातला साप धरणे अथवा घरी ठेवणे गुन्हा आहे, मग तो नाग असो की धामण. आंतरराष्ट्रीय करारात नाव असलेला परदेशी प्राणी घरी असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. साप घरात निघाला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. आणि त्या सर्पमित्रानेही तो मिरवू नये, सोडावा.

आता पुन्हा म्हातारबुवांच्या प्रश्नाकडे. "जो पेटीतच जन्मला, त्यानं जायचं कुठं?" आमचे पहिले उत्तर अपुरे होते, कारण आम्ही फक्त आपल्या पापाचा विचार केला, त्या सापाचा केला नाही. पेटीत जन्मलेल्या सापाला रान नाही. आज जे जन्मले आहेत त्यांना कोणीतरी सांभाळलेच पाहिजे. पण दुकानातून एक विकत घेतला की त्याची जागा भरायला दुसरा जन्मास घातला जातो. ही साखळी आपल्या पैशाने चालते. तिकडे अशी आश्रयस्थाने आहेत, जेथे लोकांनी हौस फिटल्यावर आणून टाकलेले साप असतात. ते कोणाला नको झालेले आहेत. त्यांतला एखादा घरी आणून, त्याच्या उरलेल्या आयुष्याची पंचवीस वर्षे पेटी पुसावी, तर त्याला आम्ही हौस म्हणणार नाही, सेवा म्हणू. साप शेपूट हलवीत नाही, मालकाला ओळखून धावत येत नाही. फार तर आपल्या हाताला भीत नाही एवढेच. त्याच्याकडून काहीच परत मिळायचे नाही, हे आधी जाणून जो करील त्याने करावे. सातशे उंदरांचा दोष त्याही घरात राहतोच. तो आम्ही पुसून टाकू शकत नाही. आणि ज्याला तो सोसवत नाही, त्याने तेही करू नये. त्याला कोणी कमी लेखणार नाही.

हे सारे आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना कार्तिकीला पंढरपुरी भेटलो तेव्हा सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "पोराला सांगतो. पर नातू काय म्हणतोय ठावं हाय का? मी त्याला तरडगावची गोष्ट फोनवर सांगितली. तवा त्यो म्हणाला, आबा, ती दिवड उसात गेली, मग पुढं कुठं गेली? मी म्हणालो, बाबा, ते मला कसं ठावं? तर म्हणाला, मला बी तिकडं येऊन बघायचंय."

पेटीचे काय ठरले, ते आम्ही विचारले नाही. ते त्या घराने ठरवायचे आहे. पण पुढच्या वारीला तो पोर आला, तर त्याला नीरेच्या काठी पाण्यात पोहणारी दिवड लांबून दाखवावी, असे आमच्या मनात आहे.

असो. रामकृष्णहरी.